उलटी अक्षरं

कोर्ट नाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली
साडेचार फुटांचं माझं दुकान, 'अक्षर रबर स्टॅम्प'.
तिथं बसून मी तीस वर्षं सरकार
उलटं वाचलं.
खिळे उलटे जुळवायचे, साचा घ्यायचा,
रबर भाजून लाकडी मुठीला चिकटवायचं.
सुलटं होतं ते साहेबानं दाबल्यावर.

आधी कामं ठरलेली. सिमेंटचं परमिट, रॉकेलचा कोटा,
'पुढील कार्यवाहीस्तव'.
वागळे इस्टेटचे आवक-जावक.
लायसनपायी दिल्लीला चौदा खेपा घातलेले
पंख्यांचे कारखानदार दामले इथंच उभे राहून म्हणायचे,
देश समाजवादी आहे हो, रांगेत सगळे सारखे.
फक्त रांग कुठून सुरू होते
ते शिपायाला विचारायचं.

एक्क्याण्णव साली दामल्यांनी पेढे वाटले.
लायसन गेलं, आता शिक्के गेले,
तू दुसरा धंदा बघ.
मी घाबरून मेव्हण्याकडे कुरिअरच्या एजन्सीची चौकशी केली.

त्या दिवाळीनंतर मान वर करायला फुरसत नाही.
बिगरशेती. ना हरकत. अग्निशमन. वृक्ष प्राधिकरण.
भोगवटा. हा शब्द जुळवताना दर वेळी हसू यायचं.
'मंजूर' सहा महिन्यांत झिजून परत यायचा.
'नामंजूर' एकदाच करून दिला होता, तो अजून कोरा.
हेडक्लार्क म्हणाला,
तो दाबायचा नसतो, टेबलावर दिसेल असा ठेवायचा असतो.

दामल्यांचा कारखाना त्याच धामधुमीत बंद पडला.
जन्मभर पंखे विकून मिळालं नाही
ते जागा विकून मिळालं.
आता तिथं काचेची इमारत. माझी रेवती
पाचव्या मजल्यावर बसते,
माझे चार महिने म्हणजे तिचा एक.
खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

तर तो मुलगा.
नगरसेवकाच्या ऑफिसातला, इस्त्रीचा शर्ट,
चिठ्ठीवर दोन ओळी:
सक्षम प्राधिकारी
साडेबारा टक्के भूखंड वाटप.
अशा शिक्क्याला ऑफिसचं पत्र लागतं.
त्यानं पत्राच्या जागी नऊशे रुपये ठेवले.
काम चाळीसचं.
रेवतीच्या कॉम्प्युटर क्लासचा हप्ता त्या शनिवारी होता.
हे कारण म्हणून सांगत नाही, वार सांगतोय.

माझ्याकडे 'क्ष'चा एकच खिळा,
वडिलांच्या हातून पडून शेपटी तुटलेला.
कोण बघतंय?

चार वर्षांनी घणसोलीहून हिराजी भगत आला.
सत्तर साली खाचरं आणि निम्मं मिठागर गेलेला.
त्याच्या वाटणीचा प्लॉट कुणाला तरी
केव्हाच मिळाला होता,
त्यानं तो केव्हाच विकला होता,
त्यावर सात मजले केव्हाच उभे होते.
कागद पुढं सरकवून म्हणाला,
तुम्ही शिक्केवाले. यो खरा हाय का, सांगा.

मी चष्मा पुसला. परत पुसला.
म्हटलं, सांगता येत नाही.
सही खरी असेल. पैसे तर खरेच होते.
इमारतही खरी, माणसं गॅलरीत कपडे वाळत घालतात.

तो उठेना.
म्हणाला, माझ्या नावाचा एक करा,
अर्जावर सही करताना हात कापतो.
केला. पैसे नको म्हटलं.
त्यानं दहाच्या चार नोटा मोजून ठेवल्या
आणि म्हणाला, पावती द्या.

तीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.
पुस्तक शोधण्यात वेळ गेला.
रक्कम अक्षरी लिहिली, रुपये चाळीस फक्त.
दुकानाचा शिक्का उचलला.
शाईवर टेकवला,
मग आठवलं दुकानाचं नाव काय आहे ते.

दाबला.

हिराजीनं पावती उजेडाला धरली,
शेजारी तो दुसरा कागद.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग दोन्ही एकाच पिशवीत घालून
जिन्यापलीकडे वळला.
कोर्टाकडे गेला की बस स्टॉपकडे,
माझ्या जागेवरून दिसत नाही.